सहा लाखांचं बक्षीस आणि पावणेसात लाखांचा खड्डा : कोल्हापूरच्या एका हौशी पोकर खेळाडूचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस कोल्हापूरच्या एका हौशी खेळाडूची आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदललेत आणि रकमा गोल केल्यात, पण प्रमाण आणि घटनांचा क्रम तोच ठेवलाय. आमच्या ग्रुपात त्याला सगळे भाऊ म्हणतात, इथेही तेच म्हणतो. लिहायला त्याची आणि वहिनींची दोघांची परवानगी आहे. उलट वहिनींचाच आग्रह होता की लिहायचं तर आकड्यांसकट लिहा, नाहीतर लोकांना नुसतं बक्षीस दिसतं.

भाऊ चाळिशीतला, शिरोली एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर जॉबवर्क करतो, पाच-सहा पोरं कामाला. पत्त्यांची आवड आधीपासूनच, दिवाळीला तीन पत्ती आणि गणपतीच्या जागरणाला रमी, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असते तेवढीच. पोकर शिकला तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये मोबाईलवर, शॉप बंद होतं, रात्री झोप लागत नव्हती. आणि शिकला ते नीट शिकला हे मी आवर्जून सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा आंधळेपणाने खेळणारा माणूस होता, तसं अजिबात नव्हतं. पॉट ऑड्स (मधल्या पैशांच्या मानाने किती घालणं परवडतं), पोझिशन (आपली पाळी कितवी), किती बिग ब्लाइंड उरलेत त्यावर कुठल्या पत्त्याने ऑल-इन जायचं म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या, हे सगळं तो वहीत लिहून पाठ करायचा.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेक्सस होल्डेम ह्या पोकरच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मधे पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडतात, त्यातून पाच पत्त्यांचा सगळ्यात भारी हात ज्याचा त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे. टूर्नामेंटमध्ये ठरलेली एंट्री फी म्हणजे बाय-इन भरायचा, सगळ्यांना सारख्या चिप्स, दर हाताला दोघांना सक्तीने घालाव्या लागणाऱ्या रकमा म्हणजे ब्लाइंड, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड, दर थोड्या वेळाने ह्या ब्लाइंड वाढत जातात, चिप्स संपल्या की बाहेर. सुरुवातीचे काही तास पुन्हा पैसे भरून परत बसता येतं, त्याला री-एंट्री म्हणतात आणि अशा एकेका एंट्रीला खेळणारे बुलेट म्हणतात. बक्षीस साधारण पहिल्या १०-१५ टक्के लोकांना मिळतं, त्यातही खरे पैसे वरच्या तिघा-चौघांकडे जातात, बाकीच्यांना बाय-इनच्या दीडपट-दुप्पट.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा एक कॅसिनो कायदा कागदावर होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत आणि १९९६ च्या दुरुस्तीनंतर बोटींवर परवानगी मिळाली, म्हणून पणजीला मांडवीत त्या बोटी उभ्या दिसतात. गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे, त्यामुळे टेबलावर दिसतात ते आपल्यासारखे बाहेरून आलेले. कोल्हापूरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी करत पणजी पाचेक तासांवर. शुक्रवारी दुपारी शॉप पोरांवर सोपवून निघायचं आणि सोमवारी पहाटे परत, आमच्या भागातल्या खेळाडूंची 'लोकल टूर्नामेंट' म्हणजे हीच.

चढ

एप्रिल २०२२ पासून भाऊ गोव्याला जायला लागला. पहिल्या वर्षभरात दहा-बारा हजारांच्या छोट्या इव्हेंटच्या मिळून १४ एंट्र्या, खर्च दीड लाखाच्या थोडा वर, एकदा छोटं बक्षीस. इथपर्यंत काही वावगं नव्हतं, एखाद्याला ट्रेकिंगचा नाद असतो, एखाद्याला बुलेट गाडीचा, तसा ह्याला हा.

मार्च २०२३ मध्ये एका इव्हेंटला तो शेवटच्या तिघांत पोहोचला. पहिलं बक्षीस नऊ लाख, दुसरं साडेपाच, तिसरं तीन लाख ऐंशी हजार. ब्लाइंड इतके वाढले होते की प्रत्येकाकडे जेमतेम पंधरा-वीस बिग ब्लाइंड, म्हणजे पुढचा खेळ जवळपास नशिबावर. तिघांनी चिप्सच्या प्रमाणात पैसे वाटून घ्यायची डील केली आणि भाऊच्या वाट्याला सहा लाख आले. ट्रॉफीसाठी पुढे खेळले, त्यात तो दुसरा आला. डील करण्याचा त्याचा निर्णय माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता, आणि गंमत म्हणजे नंतर वर्षभर तो त्याचाच पश्चात्ताप करत राहिला, की खेळलो असतो तर नऊ लाख होते.

त्या रात्रीच्या तीन हातांकडे नीट बघायला पाहिजे. पहिला, भाऊकडे एक्का-राजा आणि समोर राण्यांची जोडी, सगळे पैसे मधे, भाऊचा चान्स साधारण ४३ टक्के, जिंकला. दुसरा, भाऊकडे दश्श्यांची जोडी आणि समोर एक्का-राजा, चान्स ५७ टक्क्यांच्या आसपास, जिंकला. तिसरा, भाऊकडे एक्क्यांची जोडी आणि समोर राजांची, ८२ टक्के, जिंकला. तिन्ही वेळा पैसे आत टाकणं बरोबरच होतं, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण तिन्ही लागोपाठ जिंकायची शक्यता गुणाकार करून बघा, २० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तोच माणूस, तेच पत्ते, तेच निर्णय, आणि पाचातल्या चार वेळा तो त्या तिघांत दिसलाच नसता. हे मी त्याला तेव्हाच गाडीत सांगितलं होतं, त्याने मान डोलावली, पण सहा लाख खिशात असलेल्या माणसाला गुणाकार ऐकू येत नाही.

अडचण नेमकी कुठे सुरू झाली

सहा लाखांतून ३० टक्के टीडीएस जागेवरच कापला गेला, हातात आले चार लाख वीस हजार. रिटर्न भरताना त्यावर सेस धरून कर ३१.२ टक्के झाला. भाऊने ठरवलं की हे चार लाख आता बँकरोल, म्हणजे खेळायचं भांडवल, घरातून एक रुपया लागणार नाही. ऐकायला किती छान वाटतं. पण मग पुढचं वाक्य होतं की आता छोट्या इव्हेंटला जाण्यात अर्थ नाही, ३५ हजारांचा मेन इव्हेंट खेळायचा.

इथे पहिला निर्णयाचा टप्पा. चार लाख वीस हजार भागिले ३५ हजार म्हणजे बरोबर १२ बुलेट. टूर्नामेंट खेळणारे जुने लोक किमान १०० बाय-इन जवळ ठेवा म्हणतात, आणि ते उगाच म्हणत नाहीत. समजा प्रत्येक वेळी बक्षिसात यायचा चान्स १५ टक्के धरला, तर लागोपाठ १२ वेळा काहीच न मिळण्याची शक्यता १४ टक्के निघते, सातात एकदा. आणि बक्षिसात आला तरी बहुतेक वेळा दीड-दोन बाय-इनच हातात येतात, त्यातूनही कर जातो. म्हणजे चांगलं खेळूनसुद्धा ते चार लाख काही महिन्यांत संपणं हे अगदी साधं, अपेक्षित होतं.

तसंच झालं. पुढच्या वर्षभरात ३२ एंट्र्या, सात लाख ऐंशी हजारांचे बाय-इन. पैसे संपले तेव्हा थांबायचं असं ठरलेलं होतं, पण दरम्यान दोन वेळा बबलच्या जवळ बाहेर पडला, म्हणजे अजून चार-पाच लोक गेले असते तर बक्षिसात आला असता, आणि अशा वेळी माणसाला वाटतं की फॉर्म तर आहे, फक्त थोडं नशीब. मग मेहुण्याकडून एक लाख घेतले, शॉपच्या ओव्हरड्राफ्टमधून दोन लाख. वहिनींना मेहुण्याचं माहीत नव्हतं, म्हणजे त्यांच्याच सख्ख्या भावाकडून घेतलेलं.

अजून एक गोष्ट ह्या काळात शिरली जिचा हिशोब कुणीच धरत नव्हतं. टूर्नामेंटमधून बाहेर पडलं की रात्रीचे अकरा वाजलेले असतात, बोटीवर आहात, जेवण फुकट, मित्र अजून खेळतायत, करायचं काय, तर कॅश टेबल, म्हणजे टूर्नामेंटबाहेर थेट पैशांवर चालणारा खेळ. तिथे भाऊ थकलेला, चिडलेला बसायचा आणि समोर ताजेतवाने लोक. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के जीएसटी लागायला लागला, म्हणजे पहिला पत्ता मिळायच्या आधीच मागे. वर्षभरात असे एक लाख वीस हजार गेले. विचारलं की म्हणायचा, ते पोकरमधले नाहीत, ते टाइमपासमधले.

जानेवारी २०२४ चा तो शनिवार

मेन इव्हेंट, ३५ हजार. पहिल्या बुलेटवर दीडेक तासातच त्याच्याकडे एक्क्यांची जोडी आली आणि समोरच्याकडे राजांची. मार्चमध्ये जो हात जिंकला होता तोच, आणि ह्यावेळी शेवटच्या पत्त्यावर किलवरचा राजा उघडला. १८ टक्के म्हणजे साडेपाचात एकदा हे होणारच, त्याला कुणी काही करू शकत नाही.

दुसरी बुलेट लगेच, पाच मिनिटांत. इथे दुसरा निर्णयाचा टप्पा होता आणि तो टप्पा आहे हेच लक्षात आलं नाही, कारण री-एंट्रीचं काउंटर बाजूलाच असतं, फोन काढायचा, स्कॅन करायचा, परत बसायचं. पोकरवाले ह्या अवस्थेला टिल्ट म्हणतात, आपण सरळ डोकं फिरलं म्हणू. बदामाचा एक्का-पंजा घेऊन त्याने तीन वेळा ब्लफ मारला, अशा माणसापुढे जो सकाळपासून एकदाही फोल्ड करताना म्हणजे पत्ते टाकून देताना दिसला नव्हता. गेली.

तिसरी बुलेट. बँकरोल खातं रिकामं होतं. शॉपच्या करंट अकाउंटला एक लाख दहा हजार होते, ते २० तारखेला भरायच्या जीएसटीसाठी बाजूला ठेवलेले. त्यातून ३५ हजार दिले. लेट रजिस्ट्रेशन म्हणजे उशिरा बसायची मुदत संपायला दहा मिनिटं उरली होती, सुरुवातीच्या चिप्स ३० हजार आणि बिग ब्लाइंड अडीच हजारांवर पोहोचलेला, म्हणजे फक्त १२ बिग ब्लाइंड. त्या अवस्थेत खेळायला काही उरतच नाही, चांगला पत्ता आला की ऑल-इन, नाहीतर फोल्ड. त्याने ज्याच्यासाठी वह्या भरल्या होत्या, लोकांना वाचणं, पोझिशन वापरणं, त्यातलं काहीही १२ ब्लाइंडमध्ये वापरता येत नाही, आणि पैसे मात्र पूर्ण ३५ हजारच. वीस मिनिटांत बाहेर. मग कॅश टेबल, अजून ४० हजार, तेही त्याच अकाउंटमधून.

रविवारी आंबोलीच्या घाटात तो एक शब्द बोलला नाही.

जीएसटी अठरा दिवस उशिरा भरला. त्याचा दंड तसा किरकोळ, दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, मिळून दोन हजारसुद्धा नाहीत. खरं नुकसान दुसरीकडे झालं. पैसे फिरवाफिरवीत ७ फेब्रुवारीचा पोरांचा पगार पाच दिवस लांबला, त्यातल्या एकाच्या घरी बहिणीचं लग्न होतं. शॉपचं अकाउंट बघणाऱ्या माणसाने काळजीने घरी फोन केला, सगळं ठीक आहे ना म्हणून, आणि फोन वहिनींनी उचलला.

हिशोब

भांडण झालं, ते त्यांचं घरातलं आहे, त्यात मी जात नाही. पण वहिनींनी त्यानंतर जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी आम्हा दोघा-तिघांना घरी बोलावलं, चहा ठेवला आणि भाऊला म्हणाल्या, "जिंकलेले सगळ्यांना सांगता, हरलेले कुठं लिहिलेत ते दाखवा." कुठेच लिहिलेले नव्हते. हात लिहायची वही होती, पैशांची नव्हती. मग आम्ही बसून बँकेचे स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी, हॉटेलची बिलं, टीडीएस दिसतो तो २६एएस, सगळं काढलं.

त्याआधी भाऊला विचारलं, तुझ्या अंदाजाने किती गेले. तो म्हणाला दीड, फार तर दोन लाख मायनस. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

एप्रिल २०२२ ते मार्च २०२४, दोन वर्षं, ४६ एंट्र्या. बाय-इन ९ लाख ४० हजार. सहा वेळा बक्षीस, एकूण ८ लाख १० हजार. प्रवास, हॉटेल, खाणंपिणं १ लाख ७० हजार. कॅश टेबल १ लाख २० हजार. कर २ लाख ५३ हजार. बेरीज-वजाबाकी करून ६ लाख ७३ हजारांचा खड्डा.

कराची रक्कम बघून तो सगळ्यात जास्त हादरला, आणि हे प्रत्येक हौशी खेळाडूने समजून घ्यायला पाहिजे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ११५बीबी प्रमाणे पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, वर सेस. आणि कलम ५८(४) मुळे त्यातून खर्च वजा करता येत नाही. धंद्यात लाखाचा माल घेऊन सव्वा लाखाला विकला तर कर वरच्या पंचवीस हजारांवर. इथे नऊ लाख घालून आठ लाख जिंकलात, म्हणजे तोट्यात आहात, तरी कर आठ लाखांवर. उलटा हिशोब करा, शंभर रुपये बाय-इनमध्ये गेले तर कर जाऊन शंभर परत यायला १४५ रुपयांची बक्षिसं लागतात. म्हणजे वर्षानुवर्षं ४५ टक्के वरचढ खेळलात तर तुम्ही जिथे होतात तिथेच, आणि त्यात आंबोलीचं डिझेल धरलेलं नाही. एवढ्या फरकाने सतत जिंकणारे लाइव्हमध्ये फार थोडे असतात, आणि ते आठवडाभर शॉप चालवून शनिवारी खेळायला येत नाहीत.

आणि ह्यातून जो प्रश्न उरतो तो माझ्या मते ह्या केसचा गाभा आहे. भाऊ चांगला खेळाडू आहे का? नुसते बाय-इन आणि बक्षिसं बघा, ९.४ लाख आणि ८.१ लाख, १४ टक्के मायनस. ४६ मध्ये सहा वेळा बक्षीस, म्हणजे १३ टक्के. वाईट म्हणता येत नाही, चांगला म्हणता येत नाही. त्या मार्चच्या रात्री राण्यांच्या जोडीविरुद्ध हरला असता तर आकडा भयंकर दिसला असता, आणि जानेवारीत किलवरचा राजा आला नसता तर कदाचित नफ्यातही दिसला असता. ४६ एंट्र्यांतून काहीच सिद्ध होत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गोव्याला जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ते सिद्ध होण्याइतक्या एंट्र्या कधी होणारच नाहीत. म्हणून 'मी जिंकणारा खेळाडू आहे, सबब पैसे लावतो' हा तर्कच त्याला वापरता येत नाही. किती गेले तर घराला आणि शॉपला धक्का लागत नाही, फक्त ह्याच प्रश्नावर निर्णय घेता येतो.

कुठले पर्याय होते

पूर्ण बंद करायचं, हा वहिनींचा पहिला आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता. आम्ही त्या दिवशी भाऊला स्पष्ट विचारलं, न खेळता राहवत नाही असं होतं का, कर्ज काढताना लपवावंसं वाटलं का, हरलेले भरून काढायला लगेच परत जावंसं वाटतं का. ह्यातल्या दोन प्रश्नांना त्याचं उत्तर हो होतं. ज्याचं तिन्हीला हो येईल त्याने बजेटबिजेट काही न करता थेट थांबावं आणि मदत घ्यावी असं मी ठाम सांगेन, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं, लाजायचं कारण नाही. भाऊने स्वतःहून तीन महिने पूर्ण सुट्टी घेतो म्हणून सांगितलं, आणि त्यात राहवतं की नाही ते बघून पुढचं ठरवू यावर वहिनी तयार झाल्या.

दुसरा पर्याय भाऊच्या एका गोव्यातल्या ओळखीच्याने सुचवला होता, अजून मोठ्या इव्हेंटला जा, एक मोठा स्कोर आला की सगळं भरून निघेल. पोकरमध्ये ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे की २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकेतला अकाउंटंट ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या इव्हेंटची एंट्री जिंकायची छोटी टूर्नामेंट) वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला गेला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. खरी गोष्ट आहे. पण त्या इव्हेंटला ८३९ लोक होते, बाकीच्या ८३८ जणांपैकी कितींची नावं तो सांगणारा सांगू शकेल?

तिसरा पर्याय, ऑनलाइन छोटे डाव खेळून भरून काढायचं, तेव्हा ते चालू होतं. हे आम्ही लगेच बाजूला ठेवलं, कारण रात्री एकटा, हातात फोन आणि खात्यात पैसे, ह्या अवस्थेत कुणी बघायला नसतं. चौथा, स्टेकिंग, म्हणजे मित्रांना हिस्से विकून खेळायचं. तो कल्पना म्हणून चांगला वाटला, पण हिशोबच नसलेल्या माणसाने दुसऱ्याचे पैसे घेऊ नयेत, म्हणून पुढे ढकलला.

काय केलं

तीन महिने गोवा बंद. पहिला महिना जड गेला असं तो म्हणतो, दुसऱ्यात शॉपमध्ये एक जुना ग्राहक परत मिळवला.

मग नवीन व्यवस्था. पोकरसाठी वेगळं बचत खातं, त्यात वर्षाला एक लाख वीस हजार, प्रवास-हॉटेल धरून. ते पैसे वहिनी टाकणार, वर्षात दुसऱ्यांदा नाही. गोव्याला जाताना फोनवर फक्त त्याच खात्याचं यूपीआय, शॉपचं आणि घरचं अ‍ॅप काढून टाकायचं. हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात उपयोगी पडलं, कारण जानेवारीत जो निर्णय पाच मिनिटांत झाला तो आता व्हायला जागाच उरली नाही. बाय-इन पंधरा हजारांच्या आत. एकच री-एंट्री, तीही २५ बिग ब्लाइंडपेक्षा कमी मिळणार असतील तर नाही, आणि पहिली बुलेट गेल्यावर अर्धा तास डेकवर जाऊन बसायचं. कॅश टेबल बंद. बाहेर पडलं की पहिल्या फीडर बोटीने जेटीवर परत.

बक्षीस मिळालं तर कर बाजूला काढून उरलेलं आधी कर्जाला जाणार, हेही लिहून ठेवलं. मेहुण्याला भाऊने स्वतः जाऊन सगळं सांगितलं.

सरावासाठी आम्ही रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात जमतो, नुसत्या पॉइंटवर, पैसे अजिबात नाहीत. एकतर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे आणि त्यात कौशल्याच्या खेळाला सूट असली तरी पोकर त्यात बसतो का यावर कोर्टांचीच वेगवेगळी मतं आहेत, गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकर जुगारच धरला. दुसरं, पैसे नसले की लोक आपले पत्ते उघडून खरं बोलतात, अमुक हात मी का खेळलो हे सांगतात, आणि शिकायला तेच लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर आमच्याकडे येणारे अजून तिघे-चौघे वाढले.

निष्पत्ती

२०२४-२५ मध्ये सात एंट्र्या, खर्च एक लाख सतरा हजार, एकदा ३८ हजारांचं बक्षीस, कर जाऊन २६ हजार. म्हणजे ९१ हजार गेले. त्या वर्षी भाऊ फार नाराज होता, म्हणायचा एवढं शिस्तीत खेळून मायनसच. पण ते ९१ हजार ठरवून बाजूला ठेवलेले होते, त्यासाठी कुणाचा पगार थांबला नाही. मेहुण्याचे आणि ओव्हरड्राफ्टचे पैसे २०२४ च्या दिवाळीपर्यंत फिटले, आणि ते पोकरमधून नव्हे तर शॉपमधून फिटले, हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

पुढच्या वर्षी एका इव्हेंटला फायनल टेबल, चौथा आला, एक लाख ४५ हजार, कर जाऊन जवळपास लाख. त्या वर्षीचा खर्च एक लाख दहा, म्हणजे फक्त दहा हजार मायनस. त्या फायनल टेबलवर पाच जण उरले असताना राजा-राणीवर त्याने मोठ्या स्टॅकसमोर म्हणजे जास्त चिप्सवाल्यासमोर फोल्ड केलं, कारण दोन जण त्याच्याहून कमी चिप्सवर होते आणि एक जण गेला की बक्षीस वाढणार होतं. पूर्वीचा भाऊ कॉल करून म्हणजे तेवढेच पैसे लावून मोकळा झाला असता. मला हा फोल्ड त्या सहा लाखांपेक्षा जास्त आवडला.

घरात विश्वास किती परत आला हे मी सांगू शकत नाही. वहिनी अजूनही महिन्याला खातं बघतात, भाऊ स्वतः दाखवतो.

वेगळं काय करता आलं असतं

मार्च २०२३ ला बक्षीस हातात आलं त्याच आठवड्यात त्यातले तीन लाख शॉपच्या किंवा घराच्या कामाला लावून टाकायला हवे होते, उरलेल्या लाख-सव्वा लाखावर पूर्वीच्याच अकरा हजारांच्या इव्हेंट खेळत राहिला असता तर निदान कर्ज झालं नसतं. हे तेव्हा त्याला पटलं असतं का, मला शंका आहे, जिंकलेले पैसे वेगळे आणि कमावलेले वेगळे असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पैशांची वही पहिल्या ट्रिपपासून हवी होती. हिशोब वर्षभर आधी झाला असता, म्हणजे २०२३ च्या दिवाळीत जरी बसलो असतो, तरी जानेवारी टळला असता असं मला वाटतं.

आणि आमचा ग्रुप. फायनल टेबलचा फोटो आला की शंभर थंब्स-अप आणि नाद खुळा, तिसरी बुलेट गेली की कुणी विचारत नाही. आता ग्रुपवर नियम आहे की फोटो टाकायचा तर त्या ट्रिपचा एकूण खर्चही टाकायचा. काही जण त्यावरून ग्रुप सोडून गेले, जाऊ देत.

सध्या भाऊसमोर एक निर्णय आहे, ५५ हजारांचा एक इव्हेंट खेळायचा का. बजेटच्या नियमात बसत नाही, पण ह्यावेळी तो ६० टक्के हिस्से विकून जायचं म्हणतोय, म्हणजे त्याचे स्वतःचे २२ हजार, तेवढे खात्यात शिल्लक आहेत. अडचण अशी की टीडीएस पूर्ण रकमेवर त्याच्याच पॅनवर कापला जाणार, म्हणून हिस्सेदारांना कर जाऊन उरलेल्या रकमेतून वाटा मिळेल हे आधीच लेखी ठरवून घ्यावं लागेल, आणि री-एंट्री नाही हेही. वहिनींनी तो मसुदा वाचायला मागितलाय. त्या हो म्हणाल्या तर जायचं, नाहीतर त्या शनिवारी कोल्हापुरातच पॉइंटवर बसायचं, असं दोघांचं ठरलंय.